मराठवाड्यातील रोजचा प्रवास आणि सायकलीची निवड : उमरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात उमरीचा उल्लेख येतो तो मुख्यतः हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी येथील बँकेवर टाकलेला छापा सर्वश्रुत आहे. एवढ्या लहान गावात लुटण्याजोगी बँक असावी, यावरून त्या काळच्या उमरीच्या बाजारपेठेचे महत्त्वही ध्यानात येते. मात्र या बाजारपेठेला आजूबाजूच्या खेड्यांतून रोज येणारा माणूस कसा येत होता, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. छाप्याचा दिवस इतिहासात नोंदला गेला. रोजचे जाणे-येणे नोंदीबाहेर राहिले.

अशा दुर्लक्षित विषयांकडे लक्ष वेधण्याचे काम डेव्हिड अर्नोल्ड यांच्या २०१३ मधील ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथाने केले. शिवणयंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या साध्या यंत्रांनी भारतीय समाजात जे बदल घडवून आणले, त्यांची चर्चा त्यांनी केली आहे. रेल्वे, धरणे आणि तारायंत्र यांच्याभोवती फिरणाऱ्या तंत्रज्ञानाच्या इतिहासाला या ग्रंथाने वेगळी दिशा दिली, असे म्हणावे लागेल.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहूनही मर्यादित आहे. रोजच्या रस्त्यावर चालविण्यासाठी योग्य सायकल कोणती, हे उमरीसारख्या भागात कसे ठरत गेले, याचा मागोवा येथे घेतला आहे. सर्वसाधारण समजूत अशी, की सायकल चालविणाऱ्याच्या उंचीनुसार आणि रस्त्यानुसार निवडली जाते. मराठवाड्यात दीर्घ काळ तसे घडले नाही. सायकल निवडली गेली ती ओझ्यासाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी. चालविणाऱ्याचे शरीर हा निवडीचा निकष फार उशिरा झाला, आणि तो झाला शाळेत जाणाऱ्या मुलींमुळे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परदेशी वाहन

१८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी पायाने जमीन रेटत चालविण्याचे दुचाकी वाहन तयार केले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये त्याला पायडल बसले. त्यानंतर पुढचे चाक अवाढव्य असलेली उंच सायकल आली. तिच्यावरून पडणे धोक्याचे असल्याने ती प्रामुख्याने तरुण व धाडसी पुरुषांचे वाहन राहिली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती व मागचे चाक साखळीने फिरत असे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर सिद्ध केला. आजची सायकल मूलतः या दोन शोधांवरच उभी आहे.

त्याच १८८८ सालाशी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक घटना निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, म्हणून या दुकानाकडे उद्योगसमूहाची पहिली पायरी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे. तेथे विक्री आणि दुरुस्ती एकत्र होती. सायकल विकत घेणे म्हणजे ती दुरुस्त करणारा माणूसही शोधणे, हे सूत्र आरंभापासूनच दिसते, आणि पुढे खेडोपाडीची निवड याच सूत्राने ठरली.

त्या काळी येणाऱ्या सायकली इंग्लंडमध्ये बनत. रॅले, बी.एस.ए., हंबर, हर्क्युलिस ही नावे वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांच्या घरात प्रथम पोहोचली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अप्राप्य वस्तू होती. इंग्रजी रस्त्यांसाठी, इंग्रजी उंचीच्या माणसासाठी बेतलेली ही सायकल जवळजवळ आहे त्याच मापात भारतात रूढ झाली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रेल्वे, मोटार आणि मधले अंतर

मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा मीटर गेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. मुदखेड आणि धर्माबाद यांच्यामधील उमरी त्यामुळे थेट निजामाच्या राजधानीशी जोडले गेले. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांसह रस्ता वाहतूक सुरू केली. शासनाने चालविलेल्या बससेवेचा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयत्न होय. म्हणजे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हा हैदराबाद संस्थानातील शासकीय बस सोळा वर्षांची झाली होती. मागास म्हणविल्या जाणाऱ्या प्रदेशाच्या इतिहासातील ही बाब सहसा सांगितली जात नाही.

तथापि रेल्वे आणि बस मोठी गावे जोडत. खेड्यातून स्थानकापर्यंतचे, बाजारापर्यंतचे, शाळेपर्यंतचे तीन ते दहा किलोमीटर अंतर मोकळेच राहिले. ते पायी किंवा बैलगाडीने कापले जाई. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. साधी सायकल बारा ते पंधरा किलोमीटर जाते. तेवढ्याच वेळात अंतर तिप्पट कापले जाते, याचा अर्थ पोहोचण्याजोगा परिसर नऊपट होतो. पायी जाणाऱ्याला एक बाजार मिळत असेल, तर सायकलस्वाराला दोन-तीन बाजारांतून भाव पाहून माल विकता येतो. दूध, भाजी, अंडी यांचा किरकोळ व्यापार करणाऱ्यांनी सायकल लवकर स्वीकारली, त्यामागे हेच गणित होते.

अडचण होती ती जमिनीची. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होते. ओली काळी माती टायरला चिकटून मडगार्डच्या आत भरते, ब्रेकच्या कांबीखाली दाटते आणि चाक जागीच थांबते. काडीने चिखल काढायचा, चार पावले जायचे, पुन्हा काढायचा. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. मृगापासून दसऱ्यापर्यंत अनेक गाडीवाटांवर सायकल हे वाहन न राहता ओझेच होत असे. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. पंक्चर हा शब्द या भागात बहुधा सायकलीबरोबरच आला.

रस्त्यांच्या इतिहासात १९७२ च्या दुष्काळाला वेगळे स्थान आहे. दुष्काळी कामांवर हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, मुरूम टाकला, आणि मराठवाड्यातील कितीतरी गावांना प्रथमच बारमाही म्हणता येईल असा रस्ता मिळाला. पुढे रोजगार हमी योजनेतून ही कामे चालू राहिली. ते रस्ते डांबरी नव्हते. मोकळी खडी, वरून मुरमाचा थर, आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा उघडी पडलेली खडी, असे त्यांचे स्वरूप असे. काळी सायकल या खडीच्या रस्त्यावरच घरोघर पोहोचली. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाल्यानंतर डांबर अनेक वाड्या-वस्त्यांपर्यंत गेले. रस्ता बदलला तरी सायकलीविषयीच्या समजुती मात्र खडीच्या काळातल्याच राहिल्या, हे पुढे दिसून येईल.

एका नमुन्यातील निवड

स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रास येथे १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, सोनीपत येथे १९५१ मध्ये अ‍ॅटलास, लुधियाना येथे १९५६ मध्ये हीरो. याच काळात आसनसोलला सेन-रॅले होती. मुक्त झालेल्या हैदराबाद संस्थानातील मराठी जिल्हे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. सर्वसामान्यांच्या आवाक्यातील सायकल याच दशकात येथे येऊ लागली.

कारखाने अनेक असले तरी सायकल एकच होती. काळा रंग, २८ इंची चाके, दीड इंची टायर, २२ किंवा २४ इंची सांगाडा, कांबीचे ब्रेक, मागे कॅरिअर, खाली दोन पायांचे स्टँड. वजन वीस किलोच्या आसपास. पुढचे दातेरी चक्र ४४ ते ४८ दातांचे व फ्रीव्हील १८ दातांचे असल्याने पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच ते सहा मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यासाठी हा हिशेब चांगला आहे. चढावर उभे राहून पायडल मारावे लागतात किंवा उतरावे लागते. नांदेड जिल्ह्याचा गोदाकाठ बराचसा सपाट असल्याने गिअर नसल्याची उणीव तेथे फारशी जाणवली नसावी.

इंग्लंडमध्ये १९०२ पासून स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गतींचा हब उपलब्ध होता. तो भारतीय खेड्यांत रुजला नाही. त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. सायकल दुकानातील मिस्त्रीकडे पाना, पक्कड, हातोडी, पंप, पाण्याची परात, कानस आणि सोल्युशनची नळी एवढेच साहित्य असे. त्या साहित्यात जे उघडता आणि बसविता येते, तेच टिकते. कांबीच्या ब्रेकचीही गोष्ट तीच. रिम ओली झाली की हे ब्रेक नीट लागत नाहीत, हे सर्वांना माहीत होते. पण तारेचा ब्रेक तुटला तर तार शहरातून आणावी लागे. वाकलेली कांब मात्र हातोडीने सरळ होत असे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने कमी प्रतीचा भाग रोजच्या व्यवहारात अधिक योग्य ठरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. या निवडीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

मग निवडीला वाव होता तो कोठे? दुकानात गेलेला माणूस तीन-चार गोष्टी ठरवीत असे. साखळीवर अर्धे कव्हर की पूर्ण, ही पहिली. धोतर नेसणाऱ्याला पूर्ण कव्हर हवे असे; अन्यथा सोगा साखळीत अडकून माणूस आडवा होई. परंतु पूर्ण कव्हरात चिखल साचतो आणि साखळी उतरली तर ते उघडण्यासाठी स्क्रू काढावे लागतात. धोतर मागे पडून पायजमा व पँट आली तशी अर्ध्या कव्हराकडे ओढ वाढली. पोशाखाच्या इतिहासाचा आणि यंत्राच्या निवडीचा असा संबंध येतो. दुसरी गोष्ट नळीची. दूधवाले, भाजीवाले, पोती वाहणारे यांच्यासाठी वरची नळी दुहेरी असलेली, पुढे जादा आधार दिलेली मजबूत सायकल मिळे. तिसरी गोष्ट कॅरिअरची. कॅरिअर रुंद व जाड सळईचे हवे, कारण त्यावर पत्नी, मूल, ज्वारीचे पोते किंवा दुधाचा कॅन बसणार असे. बाविसी की चोविसी हा प्रश्न शेवटी येई, आणि तेथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मोठी सायकल ही भारदस्त समजली जाई. उंची कमी असलेला माणूसही चोविसीकडे वळे.

खरेदी एकाची, स्वारी दुसऱ्याची

येथे मोजमापाकडे वळले पाहिजे. २८ इंची चाकांच्या, २२ इंची सांगाड्याच्या सायकलीची वरची नळी जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर उंचीवर येते. चोविसीची त्याहून चार-पाच सेंटिमीटर वर. पाच फूट चार-पाच इंच उंचीच्या पुरुषाच्या पायाची आतल्या बाजूची लांबी त्याहून कमी भरते. म्हणजे सर्वसाधारण मराठवाडी पुरुषाला या सायकलीच्या नळीवर दोन्ही पाय टेकून उभे राहताही येत नाही. डाव्या पायडलवर पाय ठेवून, उजव्या पायाने जमीन रेटत, वेग आला की टांग टाकून बसायचे, ही पद्धत एखाद्याची लकब म्हणून आली नाही. सायकल मापाची नसल्याने ती आली. उतरतानाही तेच उलट क्रमाने. गर्दीत अचानक थांबावे लागले तर एका बाजूला कलंडावे लागते.

लहान मुले तर नळीच्या खालच्या त्रिकोणातून पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला तिरके ठेवून अर्धे-अर्धे पायडल मारीत सायकल शिकली. या शिकण्याविषयी मराठी आठवणींत मोठा जिव्हाळा आढळतो. तो जिव्हाळा खरा आहे. पण मुलांच्या मापाची सायकल घरात नव्हती, ही त्यामागची वस्तुस्थिती त्यात झाकली जाते. आणि ज्यांना परकर सांभाळत अशा त्रिकोणातून पाय घालणे शक्य नव्हते, त्या मुली या आठवणींत नसतातच.

माप दुय्यम राहण्याचे आणखी एक कारण खरेदीच्या रीतीत आहे. एकेकाळी लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याची प्रथा होती. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतरही ती ‘हौस’ या नावाने चालू राहिली. सासऱ्याने घेतलेली सायकल जावयाच्या उंचीला जुळते काय, हे कोण पाहणार? तेथे नाव, चकाकी आणि दुहेरी नळी पाहिली जाई. दुसरा मार्ग शासकीय अग्रिमाचा. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांची खेड्यांतली फेरी सायकलीवर अवलंबून होती, आणि सरकारी सेवकांना सायकल खरेदीसाठी अग्रिम मिळत असे. कर्मचाऱ्याची बदली होई, मुले मोठी होत, तरी सायकल घरात तीच राही. वडील, काका, मोठा भाऊ, गडी असे चार जण ती चालवीत. चौघांच्या सायकलीला एकाचे माप देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

ज्यांना विकत घेणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी तासाने भाड्याची सायकल होती. बाजारगावातील सायकल दुकानासमोर मडगार्डवर क्रमांक रंगविलेल्या सायकलींची रांग असे. तेथे ग्राहक खऱ्या अर्थाने निवड करीत. ब्रेक दाबून पाहणे, चाक उचलून फिरवून लहरते का ते पाहणे, पायडल ढिले आहे का ते चाचपणे, बैठक वर-खाली करून घेणे. सायकल पारखण्याचे लोकज्ञान या भाड्याच्या दुकानांतच घडले असावे. दुचाकी मोटारी वाढल्या तशी ही दुकाने मागे पडली. दुकानांबरोबर पारखही गेली, आणि तिची उणीव आज जाणवते.

मुलींची सायकल

वरची नळी खाली झुकविलेली ‘लेडीज सायकल’ युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली होती. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ती बरीच नंतर दिसू लागली, आणि तीही आरंभी शिक्षिका, परिचारिका यांच्यापुरती. १९९० च्या दशकात २६ इंची चाकांच्या, रंगीत, पुढे टोपली असलेल्या सायकली तालुक्याच्या दुकानांत आल्या. ‘लेडीबर्ड’ हे एका कंपनीचे नाव या भागात मुलींच्या सायकलीचे सामान्यनामच झाले.

त्याच सुमारास तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्याचा मोठा उपक्रम राबविला. पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिताना एक लक्षणीय नोंद केली आहे. स्त्रियांच्या सायकली पुरेशा नसल्याने अनेकींनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसविता येते. प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाला ही नोंद काहीशी छेद देणारी आहे, म्हणूनच ती टाळून चालणार नाही. प्रौढ, कष्टकरी स्त्रीच्या दृष्टीने सायकलीची योग्यता ओझ्यावर व मुलांवरच ठरत होती. शरीराला जुळणारी सायकल हा प्रश्न ऐरणीवर आला तो चौदा-पंधरा वर्षांच्या, पाठीवर दप्तर असलेल्या मुलीच्या बाबतीत. तिला पोते वाहायचे नव्हते. तिला शाळेत वेळेवर पोहोचायचे होते आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे होते.

महाराष्ट्रातील मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना आहे. त्याहून दूरच्या मुलींसाठी बसची सोय केली गेली. नांदेड जिल्ह्यातील अनेक तालुके या कार्यक्रमात आहेत. २०२२ मध्ये अनुदान ३५०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. रक्कम दोन टप्प्यांत मुलीच्या बँक खात्यात जमा होते, आणि दुसरा टप्पा खरेदीची पावती दिल्यावर मिळतो. सायकलींमुळे शाळेतील मुलींची संख्या वाढते काय, याचा अभ्यास बिहारमधील २००६ च्या योजनेबाबत झाला आहे. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांच्या २०१७ मधील निबंधानुसार तेथे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली, आणि शाळा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला.

अनुदानाची रक्कम खात्यात येऊ लागल्याने एक महत्त्वाचा बदल झाला. निविदा काढून एकाच मापाच्या सायकली वाटण्याऐवजी निवड दुकानात, कुटुंबाच्या हातात आली. हे स्वागतार्ह आहे. तथापि पावती मुलीच्या नावाची व सायकल भावाच्या पसंतीची, असे घडण्यास येथे पूर्ण वाव आहे. उंच दांड्याची, जाड टायरची सायकल घरात आली, तर ती मुलीच्या वाट्याला किती येईल? योजनेचे यश वाटलेल्या सायकलींच्या संख्येने मोजले जाते. बैठकीची उंची कोणी मोजत नाही.

जाड टायरचे आकर्षण

१९९० नंतर सायकल उद्योगाने आपल्या मालाची ‘स्टँडर्ड’ आणि ‘फॅन्सी’ अशी विभागणी केली. जुनी काळी सायकल पहिल्या वर्गात गेली. डोंगरी सायकलीच्या नमुन्यावरील सरळ हँडल, सव्वादोन इंची खाचांचे टायर, पुढे-मागे स्प्रिंग अशा सायकली दुसऱ्या वर्गात आल्या. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ मध्ये ४४.८ टक्के. याच दहा वर्षांत दुचाकी मोटार असलेली कुटुंबे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. कमावत्या पुरुषाने सायकल सोडली आणि ती मुलांकडे आली, असा याचा अर्थ लावता येतो. मुलांच्या पसंतीवर मोटारसायकलीची छाप असणे स्वाभाविकच होते. जून २०२० मध्ये अ‍ॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले, तेव्हा काळ्या सायकलीचे एक मोठे नाव बाजारातून मागे सरले.

खडीच्या काळात जाड टायरला अर्थ होता. तेव्हा तो मिळत नव्हता. रस्ते डांबरी होऊ लागले तेव्हा तो आला, हा इतिहासातील एक विपरीत योग म्हणता येईल. डांबरावर खाचांचा जाड टायर पायाला जड जातो. स्वस्त सायकलीतील स्प्रिंग प्रत्येक पायडलबरोबर दबते. धक्क्याबरोबर श्रमही तीच खाते, शिवाय वजन वाढविते. बहुतेक अशा सायकलींना मडगार्ड तोकडे, कॅरिअर नाही, साखळीला पूर्ण कव्हर नाही. पाच किलोमीटरवरून शाळेत येणाऱ्या, सलवार-कमीज घातलेल्या मुलीची ओढणी मागच्या चाकात अडकण्याचा धोका अशा सायकलीवर सर्वाधिक असतो. लेडीज सायकलीच्या मागच्या चाकावरील जाळी ही शोभेची वस्तू नव्हे.

दुरुस्तीचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो. लेडीज सायकलीचे चाक २६ इंची, आणि जाड टायरच्या सायकलीचेही २६ इंचीच म्हटले जाते. प्रत्यक्षात पहिल्याच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ५९० मिलिमीटर असतो व दुसऱ्याचा ५५९ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. त्याचप्रमाणे काळ्या सायकलीचे २८ इंची चाक ६३५ मिलिमीटरचे, तर नव्या गिअरच्या सायकलींचे तेवढ्याच मापाचे म्हणून विकले जाणारे चाक ६२२ मिलिमीटरचे. टायरच्या कडेवर ही संख्या छापलेली असते. खरेदी करणारे पालक ती वाचत नाहीत आणि विक्रेताही सहसा सांगत नाही. ऐन जुलैत टायर फाटला, गावच्या दुकानात त्या मापाचा नाही, नांदेडहून आणायला आठवडा गेला, तर तेवढे दिवस मुलगी पायी जाते किंवा घरी राहते.

उमरीच्या आसपासच्या सपाट, बहुतांशी डांबरी, पण पावसाळ्यात कडेला काळा चिखल असलेल्या रस्त्यांचा विचार केला, तर विद्यार्थिनीसाठी सव्वीस इंची, १ ३/८ इंच रुंदीच्या टायरची, झुकत्या नळीची, पूर्ण साखळी-कव्हर, जाळी, लांब मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी सायकल अधिक उपयुक्त ठरते. गिअर असणे-नसणे येथे गौण आहे. मडगार्ड व टायर यांमध्ये बोटभर जागा हवी. काळ्या मातीने शिकविलेला हा निकष अजूनही लागू आहे. बैठकीवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवली असता गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, आणि थांबताना किमान एका पायाचा चवडा जमिनीला लागला पाहिजे. मुलगी आठवीत असते तेव्हा बैठक खाली व बारावीत वर घेता यावी इतकी बैठकीची दांडी लांब असावी, कारण योजनेची सायकल चार-पाच वर्षांतून एकदाच मिळते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग असते, म्हणून मागे लाल परावर्तक घट्ट बसविलेला आहे की नुसता चिकटविलेला, हे दुकानातच हलवून पाहावे लागते. यासाठी सायकल आणायला मुलीला सोबत नेणे आवश्यक आहे. सायकल खरेदीच्या पावतीवर कारखान्याचे नाव व किंमत यांच्याबरोबर चाकाचे माप आणि सांगाड्याची उंची लिहून घेण्याची पद्धत मुख्याध्यापकांनी सुरू केली, तर त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.